गप्प बसणाऱ्यांची जागा

एका गावात एक भोळा मामा होता. चार महिन्यांपूर्वीपर्यंत तो नुसताच भोळा होता. मग अक्काला मुलगा झाला आणि तो मामा झाला. भोळेपणा होता तेवढाच राहिला.

नाव त्याचं सखाहरी. अंगापिंडानं हा एवढा. कांद्याची गोणी पोरगं उचलावं तशी उचलून टेम्पोत ठेवायचा. त्याला एक काम सांगितलं की तो तेच करायचा, कमी नाही आणि जास्तही नाही. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, कुत्रं येईल, पापडांपाशी बसून राहा. कुत्रं आलं, पापड खाऊन गेलं, हा बसूनच होता. काकू तेव्हापासून पापड विकत आणतात.

तर अक्का माहेरी बाळंतपणाला आलेली. आता तिला सासरी जायचं होतं, आणि सासर म्हणजे पार कोलकाता. दाजी तिकडे कारखान्यात नोकरीला. आपल्याकडची रीतच आहे, बाळंतिणीला एकटीला धाडत नाहीत, माहेरचं माणूस पोचवायला जातं. भाऊ एकच. म्हणून सखाहरी निघाला, विमानानं. अक्काचं सिझर झालेलं, टाके अजून ओढत होते, म्हणून दाजींनी विमानातल्या पुढच्या, मोठ्या खुर्च्यांची तिकिटं काढलेली. त्या खुर्च्यांत पाय पसरून झोपता येतं म्हणे. अक्काला दुसरं काही नको होतं. चार महिन्यांत ती बिचारी सलग दोन तास झोपलेली नव्हती. बाळ रात्री रडायचं आणि दिवसा रात्रीची उजळणी करायचं. सासूबाई पहिल्यांदाच नातू बघणार, त्यांच्यापुढं अशी सुकलेली, डोळे खोल गेलेली कशी उभी राहू, ही तिला काळजी. दोन तास झोप मिळाली तर माणसात येईन, असं ती दहादा म्हणाली.

निघताना आईनं सखाहरीला बजावलं. बाळाला हात लावायला कुणीही आलं तरी आधी हातपाय धुवायला सांगायचं. मग तो कुणी का असेना.

सखाहरी म्हणाला, "बरं."

विमानतळावर तपासणीला एक जवान उभा. त्यानं बाळाच्या दुपट्याकडे हात नेला. सखाहरी मध्ये आला आणि म्हणाला, आधी हातपाय धुऊन या. जवानाला मराठी कळेना. मग सखाहरीनं पाण्याची बाटली काढली, खाली वाकला आणि जवानाच्या बुटांवर पाणी ओतलं. दोन्ही बुटांवर, सारखं. मागची सगळी रांग थांबली. आणखी तीन जवान आले. सखाहरी त्यांच्याही बुटांकडे बघायला लागला, पण बाटली संपलेली.

अक्कानं हातापाया पडून त्याला सोडवलं. बाजूला नेऊन म्हणाली, "सख्या, वर्दीतला माणूस सांगेल ते मुकाट्यानं ऐकायचं. उलट बोलायचं नाही."

"बरं."

पुढच्या खुर्च्यांवाल्यांना बसायला तिथं एक वेगळी खोली असते. खाणं फुकट. तिथला वाढपीही वर्दीतच होता, पितळी बटणांची वर्दी. तो आला आणि सवयीनं म्हणाला, आरामात बसा, आणखी इडली घ्या. सखाहरीनं घेतली. तो पुन्हा आला, पुन्हा म्हणाला. सखाहरीनं पुन्हा घेतली. चौदाव्या इडलीला सखाहरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वर्दी ती वर्दी. तेवढ्यात विमानाची हाक आली. अक्का म्हणाली ऊठ. हा उठेना. आरामात बसा असं वर्दीवाला म्हणाला होता, आणि ऊठ असं तो काही म्हणाला नव्हता. शेवटी अक्कानं त्या वाढप्याला बोलावून आणलं आणि त्याच्याकडून ऊठ म्हणवून घेतलं.

चालता चालता तिनं त्याला दुसरा धडा दिला. बाळ कडेवर, पिशवी खांद्यावर, टाके ओढतायत, आणि ही धडे देतेय. "कुणी काही देऊ लागलं ना, की हात जोडायचे, नको म्हणायचं, आणि पुढं चालायचं."

"बरं."

दारावरच्या पोरीनं तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून त्याच्यापुढं धरला. सखाहरीनं हात जोडले, नको म्हणाला आणि पुढं चालला. विमानाच्या दारात तुकडा कुठाय म्हणून विचारलं. तुकडा दारावर. मग ती पोरगी धावत तुकडा घेऊन आली. सखाहरीनं परत हात जोडले. तुकडा अक्कानं घेतला. आत हवाई सुंदरी बाळाला बांधायचा छोटा पट्टा घेऊन आली, तिलाही त्यानं हात जोडले. ती तीनदा पट्टा घेऊन आली आणि तीनदा नमस्कार घेऊन गेली.

अक्काचा आता जीव मेटाकुटीला आलेला. ती म्हणाली, "अरे, बाळाला लागेल ते घ्यायचं. तिथं लाजायचं नाही. दिसलं की घ्यायचं."

"बरं."

पुढच्या भागात मोठ्या खुर्च्या आठच होत्या. अक्का आणि बाळ एकीत, सखाहरी शेजारी. पलीकडे बांधकामाच्या धंद्यातले दोन भागीदार. मागं मोत्यांची कुडी घातलेल्या एक बाई आणि कानात बोंडं घालून फोनवर चित्रं बघणारा एक चष्मेवाला. एक खुर्ची रिकामी. आणि सखाहरीच्या पुढ्यात दिघावकर साहेब. साहेब कुठल्याशा महामंडळातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते हात धुवायला गेले होते, शाल खुर्चीवर ठेवून.

बाळाला काय लागतं? बाळाला झोळी लागते. घरी ते झोळीतच झोपायचं. सखाहरीला शाल दिसली. त्यानं घेतली. एक टोक साहेबांच्या खुर्चीच्या डोक्याला बांधलं, दुसरं आपल्या. गाठ चांगली मारली, कांद्याच्या गाडीला मारतात तशी. बाळ आत ठेवलं आणि झोका दिला. साहेब परत आले तेव्हा त्यांची काश्मिरी शाल हलत होती आणि तिच्यातून एक पाय बाहेर आलेला होता.

साहेबांनी शाल ओढली, बाळ दचकलं आणि त्यानं जो टाहो फोडला तो पार मागच्या रांगेपर्यंत गेला. अक्कानं त्याला घेतलं, थोपटलं, क्षमा मागितली. पण साहेब तापलेले. म्हणाले, तान्ह्या पोरांना पुढच्या भागात येऊच देता कामा नये. चौपट भाडं आम्ही शांततेचं भरतो. ही काय अंगणवाडी आहे? भागीदार म्हणाले, अगदी बरोबर. कुडीवाल्या बाई म्हणाल्या, आमची मुलं लहान होती तेव्हा आम्ही घरातून बाहेर पडत नव्हतो. चष्मेवाला काही म्हणाला नाही, त्याला ऐकूच आलं नव्हतं.

हवाई सुंदरी आली. ती म्हणाली, तिकीट आहे तर बसू द्यावं लागेल. पण मुलगा असाच रडत राहिला तर मागं जागा आहे, तिकडे बसवते. मागं म्हणजे तीन खुर्च्यांतली मधली, गुडघे छातीशी. अक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं बाळाला पदराखाली घेतलं.

मग साहेब सखाहरीकडे वळले. एकेक शब्द सुटा करून बोलले, अडाण्याशी बोलतात तसे. "हे बघ. ही गप्प बसणाऱ्यांची जागा आहे. जो आवाज करील, तो मागं जाईल."

सखाहरीनं विचारलं, "लहान असो की मोठा?"

"लहान असो की मोठा. नियम सगळ्यांना सारखा."

साहेबांनी सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हवाई सुंदरीनंही डोलावली, तिला विमान सोडायचं होतं.

सखाहरी म्हणाला, "बरं."

विमान उडालं. बाळ दूध पिऊन गाढ झोपलं. अक्काचेही डोळे मिटायला लागले. झोपेतच म्हणावं तशी ती म्हणाली, "सख्या, माझा डोळा लागतोय. तेवढा नियम सांभाळ रे, आपल्याला मागं नको जायला." आणि झोपली. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी झोपली. सखाहरीला तिच्याकडे बघून फार बरं वाटलं. मग तो नियम सांभाळायला बसला.

पंधरा मिनिटं सगळं ठीक होतं. साहेबांनी झोपेची गोळी घेतली, कानात कापूस घातला, डोळ्यांवर पट्टी बांधली. आणि घोरायला लागले. साधंसुधं घोरणं नाही. आधी खरवडल्यासारखं, मग शिट्टी, मग मध्येच सगळं बंद, आणि आता संपलं वाटतं तोवर पुन्हा खरवड. बाळाची पापणी हलली.

सखाहरीनं एकदा सोडून दिलं, एकदा चुकतं माणूस. दुसऱ्यांदाही सोडलं. तिसऱ्यांदा तो उठला, साहेबांचा पट्टा सोडला, त्यांना अलगद उचललं आणि मागं घेऊन गेला. गोणीपेक्षा हलके भरले. शेवटच्या रांगेत एक मधली खुर्ची रिकामी होती. तिच्यात ठेवले, पट्टा बांधला, मानेखाली उशी दिली. मागच्या हवाई सुंदरीनं घाबरून विचारलं, यांना बरं नाही का? सखाहरी म्हणाला, तब्येत उत्तम आहे, आवाज करत होते.

आता पुढं साहेबांची खुर्ची मोकळी झाली. आणि ती तर गप्प बसणाऱ्यांची जागा. सखाहरीनं मागं नजर फिरवली. मागं त्या दिवशी चार तान्ही होती, आणि चारही गप्प होती. एकाची आई भिंतीला टेकून, हात अवघडलेली बसली होती. सखाहरी तिला म्हणाला, बाई, पुढं चला, तुमच्या बाळाची जागा झालीय. ती बिचारी कशाला नाही म्हणेल?

इकडे दोघे भागीदार सिमेंटच्या भावावरून बोलत होते. सखाहरी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मागं चला. ते हसले. हसणं हाही आवाजच. मग सखाहरीनं सांगितलं की साहेबांना उचलून मागं ठेवलंय. भागीदारांना वाटलं म्हातारा गचकला. दोघे धावत बघायला गेले. परत आले तर त्यांच्या दोन खुर्च्यांत दोन बाळं आणि दोन आया, चौघंही झोपलेली. सखाहरीनं ओठांवर बोट ठेवलं. झोपलेलं बाळ कोण उठवणार? आणि उठवलं की रडणार. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्यानं मागं गेले.

कुडीवाल्या बाईंना खोकला आला. त्यांनी तोंडावर रुमाल धरला, पण आला. सखाहरी नुसता उठून उभा राहिला, तर बाई आपण होऊनच पर्स घेऊन निघाल्या. मान त्यांनी सगळ्यात जोरात डोलावली होती ना. त्यांच्या जागी चौथं बाळ आलं.

चष्मेवाल्याला सखाहरीनं हात लावला नाही. त्यानं काही आवाज केला नव्हता. न्याय म्हणजे न्याय.

मग पुढची हवाई सुंदरी चहाचा ट्रे घेऊन आली आणि खुर्च्या बघून म्हणाली, हे काय चाललंय. जरा मोठ्यानंच म्हणाली. सखाहरीनं तिला मागची वाट दाखवली. ती आपल्या वरच्या बाईंना बोलवायला म्हणून मागं गेली, आणि मागं साहेब जागे झाले होते. साहेब जे ओरडायला लागले होते ते तिला तिथून सुटूच देईनात. सखाहरीला ते लांबून ऐकू आलं. त्याचं काही म्हणणं नव्हतं, मागं आवाज केलेला चालतो.

आणि पुढं काय शांतता होती म्हणता. पाच बाळं, पाच आया, एक चष्मेवाला. कुणी हूं की चूं नाही. सखाहरी आपल्या खुर्चीत सरळ बसून होता आणि नियम सांभाळत होता.

दोन तास उलटून गेले. मग अचानक डोक्यावरच्या भोंग्यातून खर्रकन आवाज आला. एक माणूस खड्या आवाजात बोलायला लागला. कोलकाता जवळ आलंय, पट्टे बांधा, बाहेर ऊन आहे. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. पाचही बाळं चुळबुळली.

सखाहरी उठला. आवाज कुठून येतोय ते त्यानं नीट ऐकलं, आणि अगदी पुढं, जिथं विमान संपतं, तिथलं बंद दार बोटाच्या पेरानं हळूच वाजवलं. कुणी उघडलं नाही. त्यानं परत वाजवलं. दाराला तोंड लावून हळूच म्हणाला, चालकसाहेब, मागं चला.

तेवढ्यात अक्का जागी झाली. तिनं आळस दिला. चेहरा कसा टवटवीत झालेला, गालांवर रंग आलेला. सासूबाईंपुढं कुठंही उभी करावी अशी. बाळ अजून मांडीवर झोपलेलंच होतं. तिनं त्याच्या टाळूवरून हात फिरवला आणि भावाला हाक मारली.

"सख्या, आपल्याला कुणी काही बोललं तर नाही ना रे?"

"बोलले ते सगळे मागं आहेत, अक्का," सखाहरी दारापासून म्हणाला. "एकच राहिलाय. पण तो आतून कडी लावून बसलाय."