सात रेघा आणि एक फुली

विलायती पिस्तुलं दिसायला सारखीच, पण प्रत्येकावर नंबर निराळा! राजेसाहेबांचं डोकं पार चक्रावलं. सरदार तुंगारे मात्र प्रत्येक खुणेचा अर्थ ठणकावून सांगत होते. वर म्हणाले, "हे ज्याला कळत नाही, त्या हैबत शिकलगाराला शस्त्रागारातून काढा!"

हैबतने एक पिस्तूल पुढे केलं. "सरदार, या सात रेघा आणि फुली कशाची?"

"सातवी सुधारणा. फुली म्हणजे खास आरमारासाठी!"

राजेसाहेब आणखीच गोंधळले. त्यांनी हैबतकडे पाहिलं.

"सरकार, विलायती नंबर मला खरंच कळत नाहीत. पण ही खूण मीच कोरलीय. सात रेघा म्हणजे हे टांगायची सातवी खुंटी, फुली म्हणजे चाप अडकतो. आरमाराला पाठवायचं असेल, तर आधी दुरुस्त करून देतो."