चालवून दाखवा

"पण बाबा, मला स्वतःची पथारी कधी?"

मल्हारीने हे सहाव्या वर्षी सहाव्यांदा विचारलं. मिरजेच्या जुन्या बाजारात गफूरबाबांच्या पथारीवर तो वापरलेल्या वस्तू पारखायला शिकला होता. पंख्याची घरघर ऐकून मालकाचा स्वभाव सांगू शकतो, असं तो बाजारभर सांगत फिरायचा. कोणी विचारलेलं नसताना.

बाबांनी बंडीच्या खिशातून नोटा काढून त्याच्या हातावर ठेवल्या.

"दोन हजार आहेत. आज एक वस्तू घे. घेणं जमलं, तर शेजारची जागा तुझी."

मल्हारीला आभाळ ठेंगणं झालं. जागेचं त्याने बायकोलाही कबूल करून ठेवलं होतं.

दहाच्या सुमाराला कलावती नावाची बाई हातगाडीवर शिलाई मशीन घेऊन आली. मल्हारीने दोरा ओवला, पाय मारला, चिंधीवर टीप घातली. मशीन खणखणीत होतं. त्याने तोंड वाकडं केलं.

"फार जुनं आहे ताई. दीड हजार."

"दोन तरी द्या, भाऊ. पोरीची नर्सिंगची फी आज भरायचीय."

अठराशेवर जमलं. ना पावती, ना सही. नोटा तिच्या मुठीत गेल्या. विकताना चार हजार कुठे गेले नाहीत, मल्हारी मनात म्हणाला.

तेवढ्यात बाबा पुढे आले.

"बाई, एकदा चालवून दाखवा."

मल्हारीला लाजल्यासारखं झालं. बाबांची ही जुनी खोड होती. वस्तू विकणाऱ्याकडूनच चालवून घ्यायचे. नजर अधू झालीय म्हातारबाची, असं त्याला वाटायचं.

"मी तपासलंय, बाबा."

"तू तपासलंस."

कलावती बसली. तिने चिंधी सरकवली आणि टीप सरळ निघाली. चिंधी संपली...

पाय थांबेना. सुई नुसतीच खालीवर होत राहिली.

कितीतरी वेळाने ती थांबली. पदराने मशीन पुसलं, चाकावर हात ठेवला. तो हात तिने उचललाच नाही.

मल्हारीने बाबांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते.

"सौदा तुझा आहे," एवढंच म्हणाले.

"ताई," मल्हारीने विचारलं, "उद्यापासून काय करणार?"

"बघू..."

शेजारची जागा समोरच होती, झाडून ठेवलेली. तो त्या जागेकडे बघत राहिला, मग मान वळवली.

"मशीन घरी न्या. पैसेही राहू द्या."

"फुकट नको, भाऊ."

पथारीच्या कडेला जुन्या पँटींचा ढीग होता, बहुतेक उसवलेल्या. तिने तो पुढ्यात ओढला. चार तिथेच शिवून दिल्या, बाकीच्या पुढच्या बाजाराला शिवीन म्हणाली, आणि फी भरायला गेली. हातगाडीवर मशीन तिच्याबरोबर गेलं.

मल्हारी मान खाली घालून उभा राहिला.

"बाबा, तुमचे पैसे गेले. मशीनही गेलं. आता मी काय विकू?"

गफूरबाबांनी शेजारच्या जागेवर आपल्या हाताने गोणपाट अंथरलं.

"बस इथं. तुझी भवानी झाली."