न दिसलेला करकोचा

एका गावात एक तळं होतं आणि त्या तळ्यावरचे पक्षी पाहणारी एक तरुण मुलगी होती. दर शरदात डोंगरांपलीकडून एक दुर्मीळ पांढरा करकोचा त्या तळ्यावर उतरायचा. गावाची रीत अशी, की कोजागरीनंतरच्या सकाळी या मुलीने एकटीने तळ्यावर जायचं. ती परत येईपर्यंत दुसऱ्या कुणी पाण्याकडे फिरकायचंही नाही. करकोचा दिसला, तर तळं वर्षभर सुखरूप. नाही दिसला, तर पाटलाने बांध फोडावा आणि तळ्याचं शेत करावं.

पाटील कित्येक वर्षं त्या 'नाही'ची वाट पाहत होता.

त्या सकाळी मुलगी धुक्यात, गुडघाभर पाण्यात उभी राहिली. हळदीकुंकू बदकं होती, चक्रवाकांची जोडी होती, लांब तंगड्यांचे शेकाटे होते. करकोचा अजून दिसला नव्हता. इतक्यात पलीकडच्या लव्हाळ्यात डफ कडाडला. तळ्यावरचे सगळे पक्षी एकदम उडाले. धुकं जरा विरलं, तेव्हा डफ काखेत मारून पळणारे पाटलाचे दोन गडी तिला स्पष्ट दिसले.

तरी ती थांबली. ऊन चढेपर्यंत तिने तळ्याचा कोपरान् कोपरा धुंडाळला. करकोचा नव्हता.

वाटेत भोईवाड्यातली काकी उभी होती. तिचं घर तळ्यातल्या मासळीवर चालायचं. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग सांग की, दिसला म्हणून! त्यांनी लबाडी केली, आपण केली, फिटंफाट. कोण बघायला आलंय?"

"मी होते ना काकी तिथे!"

"तुझं खरं घेऊन आम्ही खायचं काय?"

मुलीचे डोळे भरून आले होते, पण पाय चावडीकडेच चालले होते.

"काय गं पोरी, आला का पाहुणा?" पाटलाने गोड आवाजात विचारलं.

"मला दिसला नाही."

काकीने कपाळावर हात मारून घेतला. पाटील हसला. "शाबास! आणा रे कुदळी!"

"थांबा. का दिसला नाही, तेही ऐका." आणि तिने डफाची हकिकत सांगितली.

"खोटं!" पाटील ओरडला. "साफ खोटं!"

तशी काकीच पुढे झाली. "आत्ता आमच्या पोटावर पाय पडला, तरी ही खरं बोलली. ती तुमच्याबद्दलच तेवढं खोटं बोलेल होय?"

एक गडी चुळबुळत म्हणाला, "मालक म्हणाले, नुसतं वाजवा. मारायचं कुणाला नाही."

चावडी खदखदून हसली. पाटील लाल झाला. "वाजवला डफ! पण करकोचा दिसला नाही ना? रीत म्हणजे रीत. बांध फुटणार!"

"मग ही रीतच मोडायला हवी!" मुलगी कडाडली. "पाहुणा आला नाही म्हणून कुणी आपलं घर पाडतं का? आणि आज घर पाडलं, तर उद्या तो उतरेल कुठे? मी खरं बोलले ते तळं तुमच्या हाती द्यायला नाही. फोडा बांध. पण आधी मला उचलावं लागेल!"

ती तरातरा गेली आणि बांधावर जाऊन बसली. तिच्या शेजारी काकी बसली, मग सगळा भोईवाडा बसला. डफ वाजवणाऱ्या गड्याने हातातली कुदळ पाटलापुढे ठेवली आणि तोही बसला. पाटलाने कुदळ उचलली. बांधावर माणसांच्या गुडघ्याला गुडघा लागला होता आणि तो एकटा होता. थोड्या वेळाने कुदळ खांद्यावर टाकून तो घरी निघून गेला.

त्या वर्षी करकोचा आला की नाही, हे पुन्हा कुणी विचारलंच नाही.

तात्पर्य, आणि हे मोठ्यांसाठी आधी: अन्यायाशी लढायला खोट्याची मदत घेऊ नका. खरं बोला, आणि खरं बोलून घरी जाऊ नका. तिथेच ठाण मांडून बसा.