खोट्या हाकेची ओटी

मांडवघाटच्या उत्तरेला एक काळी, उघडी टेकडी आहे. झाड नाही, माती ओंजळभरही नाही. पण वैशाखात माथ्यावरच्या खडकाच्या भेगेतून डांगराचा, म्हणजे खरबुजाचा, वेल बाहेर येतो. कोणी बी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. एखादंच फळ धरतं, तेही कोणी तोडत नाही. शेजारी लाकडी चौकटीला पितळी परात टांगलेली आहे, ठोकून ठोकून मधोमध पोचा पडलेली. या जागेला हाकेची टेकडी म्हणतात.

आम्ही गेलो तो वैशाखातला शेवटचा दिवस होता. टेकडी दाखवायला झिबल मारबते आले होते. वय ऐंशीच्या पुढे, पण चढताना दम लागला तो आम्हाला. वर पोचल्यावर त्यांनी आधी नदीकडे बोट केलं. सुरई नदी उन्हाळ्यात नुसती रेतीची असते. त्या रेतीत इथली ढिवर, म्हणजे मासेमार, कुटुंबं माघापासून नाल्या खोदून डांगरं लावतात आणि वेलांशेजारीच झोपड्या घालून राहतात. खाली त्या झोपड्या उतरवायचं काम चाललं होतं.

"इथं ऊन तापते," झिबलबाबा म्हणाले, "अन् पाऊस पडते तिकडं, सात कोसावर, डोंगरात. पानी काही सांगून येत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

फार पूर्वी, धरण नव्हतं, पूल नव्हता, तेव्हा इथे कौतिका नावाची एक विधवा राहत होती. तिचा नवरा अशाच एका कोरड्या दिवशी आलेल्या लोंढ्यात गेला. तेव्हापासून ती दचकू लागली म्हणे. भांडं पडलं तरी उठून उभी राहायची. वेलाला हात लावताना दचकली की फुलं गळायची. म्हणून रेतीतल्या या वाडीच्या म्होरक्याने, दसरूने, तिला टेकडीवर राखणीला बसवलं. नदीच्या वरच्या अंगाला काही दिसलं की परात वाजवायची आणि सगळ्यांनी रेती सोडून वर यायचं. एवढंच काम.

त्या उन्हाळ्यात तिने तीनदा परात वाजवली. पहिल्यांदा ती गुरांची धूळ निघाली. दुसऱ्यांदा वणव्याचा धूर. "काऊन व कौतिके, आता धुराचा पूर येते का?" असं लोक येता-जाता विचारू लागले. तिसऱ्यांदा तर काहीच नव्हतं. पण त्या पळापळीत फळावर आलेले वेल तुडवले गेले आणि तिची सासू यमाई पडून तिचा पाय मोडला.

पंच बसले. दसरू म्हणाला, "खात्री झाल्याबिगर परात वाजवाची नाही. आता खोटी वाजली तर तू गावाबाहेर. पोरगी इथंच राहीन." कौतिकाची मुलगी राही, पाच वर्षांची. नवऱ्यामागे तिला तेवढंच होतं.

मग एक दुपार. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. कौतिकाला दिसलं की वरच्या वळणावरचे बगळे एकदम उठले आणि परत बसेनात. बस, एवढंच. आवाज नाही, पाणी नाही. बगळे काय, कोल्हा आला तरी उठतात. खात्री कशाची धरायची? एक विडा लावून होईल एवढा वेळ ती थांबली, असं सांगतात. त्या वेळेचा दोष गाव तिला देत नाही, झिबलबाबा म्हणाले. तो पंचांचा.

शेवटी तिने परात वाजवली. खाली कोणी हललं नाही. लोक वर पाहून हसले आणि पुन्हा वेलांवर वाकले.

कौतिका टेकडी उतरून रेतीत आली. वाडीच्या मधोमध मांडवाखाली देवीचं डांगर ठेवलेलं होतं. हंगामातलं पहिलं फळ. ते देवीला वाहिल्याशिवाय एकाही घराने डांगर चाखायचं नाही, अशी रीत. कौतिकाने राहीला काखोटीला मारलं, दुसऱ्या हाताने ते डांगर उचललं आणि टेकडीकडे पळत सुटली.

"धरा रे तिले! देवीचं डांगर नेलं!"

पाण्याच्या हाकेला न उठलेली वाडी डांगरासाठी उठली. बायका, पुरुष, पोरं, सगळे तिच्यामागे धावले; कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात दगड. माथ्यावर तिच्या हातून डांगर सुटलं आणि खडकावर फुटलं. दसरूने काठी उगारली. तेवढ्यात आवाज आला. घरोघरची जाती एकाच वेळी फिरावीत तसा, म्हणे. सगळे वळले. वळणावर मातकट पाण्याची भिंत उभी होती.

आणि खाली, रिकाम्या झोपड्यांत, मोडक्या पायाची यमाई एकटी.

तिची आठवण आधी कौतिकालाच झाली. ती त्या काठ्यांमधून पुन्हा खाली धावली. कोणी तिला अडवलं नाही, कोणी बरोबरही गेलं नाही. सासूला पाठीवर घेऊन ती पायथ्याशी पोचली, तेव्हा कुठे दसरू चार पावलं उतरला. यमाईचा हात त्याच्या हाती आला. कौतिकाचा आला नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. पंच पुन्हा बसले. कौतिकाचं देऊळ बांधू, असं ठरत होतं. यमाई म्हणाली, "देऊळ नोको. ओटी भरा."

"मेलेल्या बाईची? अन् तेही विधवेची?" दसरूने विचारलं.

"तिची नाही. पुढं जे कोनी खोटी हाक देईन, तिची. खात्रीची हाक पानी सोताच देते, दसरू. मानसानं बिनखात्रीची द्यावी."

तेव्हापासून ही रीत आहे. वैशाखाच्या शेवटच्या दिवशी, रेती सोडून घरं गावात परतताना, त्या उन्हाळ्यात ज्यांनी ज्यांनी खोटी हाक दिली त्यांची या टेकडीवर ओटी भरतात. सवाष्ण असो, विधवा असो. पुरुषाने दिली असेल तर त्याला शेला. ज्याची हाक खरी ठरली त्याला मात्र काही नाही; गाव वाचलं, त्यात त्याचं आलं.

टेकडीच्या चढावर आजवरच्या पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. सगळ्यांत वरच्या खुणेच्या वर्षी परात अकरा वेळा खोटी वाजली आणि बाराव्यांदा खरी, असं झिबलबाबांनी सांगितलं. बाराव्यांदाही झाडून सगळे वर आले होते.

आता धरणातून पाणी सोडायचं झालं की मोबाइलवर मेसेज येतो, भोंगा वाजतो. पण डोंगरात पडणाऱ्या पावसाचा मेसेज कोणी पाठवत नाही. म्हणून आजही परातीजवळ कोणी ना कोणी बसलेलं असतं, आणि आजही ओटी भरली जाते. यंदा सात जणी होत्या. शेवटची एक नवी नवरी. खडी नेणाऱ्या ट्रकचा आवाज तिला पाण्याचा वाटला आणि भर दुपारी तिने अख्खी वाडी वर चढवली होती. "आली पाहा ट्रकवाली!" कोणीतरी म्हणालं, बायका हसल्या. ती लाजून खाली मान घालून बसली.

ओटी भरणाऱ्या म्हातारीने तिच्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, वर डांगराची एक फोड.

"मान खाली नोको घालू, माय," ती म्हणाली. "पानी वरतून येते."

नवरीने मान वर करून नदीच्या वरच्या वळणाकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. बगळे होते. बसलेले.