नदीचं तीर्थ

पाच रविवार खपून गावकऱ्यांनी घाटाजवळचा कचरा उपसला, आणि सहाव्या रविवारी नगराध्यक्ष ढमाले नवे कोरे गमबूट घालून फोटोला हजर झाले. "माझ्या कारकिर्दीत नदी पुन्हा निर्मळ झाली," असं माईकवरून जाहीर करून त्यांनी नदीची ओटी भरली, म्हणजे खण-नारळ प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडून दिला.

पाचही रविवार गुडघाभर चिखलात राबलेल्या चंद्राक्का माळी पुन्हा पाण्यात उतरल्या. त्यांनी ती पिशवी बाहेर आणून ठेवली आणि ओंजळभर पाणी नगराध्यक्षांसमोर धरलं.

"पूजा झाली, साहेब. आता तीर्थ घ्या."

साहेबांचा हात काही पुढे येईना. लोक खुदुखुदु हसू लागले.

"आक्का, वयाचा मान तुमचा. आधी तुम्ही घ्या," ढमाले सावरून म्हणाले.

"नवी नवरी होते तेव्हा याच घाटावर पोटभर प्यायलेय," चंद्राक्का म्हणाल्या. "आज नाही घेणार. तीस वर्षं देवाचं निर्माल्य असंच पिशवीत बांधून मी पुलावरून टाकलंय. यात काय आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून चिखलात उतरले. तुम्हाला निर्मळ वाटत असेल, तर प्या."

ढमाल्यांनी माईक खाली ठेवला. हसणारेही पुलाकडे बघू लागले, कारण निर्माल्य प्रत्येकाच्याच घरी होतं.

ओंजळीतलं पाणी केव्हाच गळून गेलं होतं. ओले हात पदराला पुसायचा मात्र चंद्राक्कांना धीर होईना.