म्हातारीचा टाकळा

फार फार मागची गोष्ट. तुमचे खापरपणजेही तेव्हा पाळण्यात नव्हते, म्हणून साक्षीदार मागू नका.

डोंगरात एक वाडी होती. दोन वर्षं दुष्काळ पडला आणि लोकांनी रानातला टाकळा मुळासकट ओरबाडून खाल्ला. तिसऱ्या वर्षी पाऊस आला, पण धान्य हाती यायला दिवाळी उजाडणार होती. तोवर पोटाला आधार टाकळ्याच्या भाजीचाच. आणि त्याचं बी उरलं होतं एकाच घरात, एका म्हातारीच्या तुंब्यात. तिच्या मेलेल्या लेकाने ते वेचून ठेवलेलं. रोज ती तुंबा कानाशी धरून हलवायची. आत लेकच खुळखुळतोय असं तिला वाटे.

पेरणीच्या दिवशी सून वरवंटा घेऊन आली.

"आत्याबाई, बी वाळूत घोळून जरा घासू द्या. साल टणक आहे, ओरखडा उठल्याशिवाय पाणी आत शिरायचं नाही. माझ्या माहेरी असंच करतात."

"तुझ्या माहेरी सासवांनाही वरवंट्याखाली घालत असतील!"

"घालतात की. पण आधी भिजवतात."

म्हातारी हसली नाही. "माझ्या पोराच्या हातचं बी आहे. ओरखडा लागू देणार नाही."

वाडीतल्या शहाण्यांनी माना डोलावल्या. उपाशी माणसाला वाद घालायचाही कंटाळा येतो.

म्हातारीने पाळण्यासारखी मऊ माती केली आणि एकेक बी हाताने निजवलं. पंधरा दिवस गेले. एक बी उकरून पाहिलं, तर पहिल्यासारखंच चकचकीत.

"बघ, कसं छान राहिलंय!"

"ते राहिलंय," सून म्हणाली, "आपण राहत नाही." तिच्या अंगावरचं दूध आटलं होतं. तान्हं आता रडतही नव्हतं.

शेवटी लोकांनी उरलीसुरली गुरं हाकली आणि वाडी सोडली.

"आत्याबाई, चला."

"अगं, आज-उद्या उगवेलच."

सून पाया पडली, तान्हं उचललं आणि निघाली. वाट म्हातारीच्या वावरातून जात होती. "बी तुडवू नका रे!" म्हणत म्हातारी काठी घेऊन धावली. गुरं कुठली ऐकतात? खुरांखाली बी मातीखालच्या खड्यांवर करकरा घासलं गेलं.

आठव्या दिवशी प्रत्येक खुराच्या खळग्यात दोन-दोन पानं उभी राहिली. महिन्याभरात वावर हिरवंगार झालं.

म्हातारीने ओटीभर पाला खुडला, मडकंभर भाजी शिजवली आणि दारात उभी राहून सुनेला जेवायला हाक मारली. समोरच्या डोंगराने तीच हाक परत पाठवली.

तात्पर्य: ज्याला आपण ओरखडाही लागू देत नाही, त्याला आपण जपत नसतो, नुसतं कोंडून ठेवत असतो.