नुसती बघणारी राखण

"म्हणजे चोर आला तेव्हा तुझा पहारेकरी जागा होता?" मठातल्या धुंडीबुवांनी विचारलं.

"जागा होता, बुवा."

"आणि त्यानं चोराला पाहिलं?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं," शार्दूल कुलथे म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

मान खाली घालायची त्याला सवय नव्हती. औषधं पुरवणाऱ्या एका कंपनीचे सगळे कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात होते आणि त्याची ऐट साहेबांनाही आवरत नसे. मठात आला तरी इतर साधकांना ध्यान कसं करायचं ते शिकवून जायचा.

बुवांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्याने सोपं करून सांगितलं. माणसाने पासवर्ड टाकला की त्याची खूण मशीनच्या पोटात राहते. चोरटे प्रोग्राम ती खूण उचलतात आणि त्या माणसाचं सोंग घेऊन आत शिरतात. तो उचलणारा हात जागच्या जागी धरेल असं संरक्षण शार्दूलने कंपनीच्या प्रत्येक मशीनवर बसवलं होतं. त्याबद्दल शाल आणि नारळही घेतला होता.

"मग हात का धरला नाही?"

"धरायला लावलंच नव्हतं. आमच्यात पद्धत आहे, बुवा. नवीन संरक्षण बसवलं की आधी त्याला नुसतं बघायला लावायचं. कोणाचं रोजचं काम अडेल का, ते कळतं. मग एक दिवस धरायला लावायचं."

"तो दिवस आला नाही?"

"बिलांचा जुना प्रोग्राम अडणार होता. आज करू, उद्या करू... सगळ्यांना वाटत होतं, संरक्षण आहे. मलाही तसंच वाटायला लागलं."



खरं दुखणं पुढेच होतं. चोराने सोंग घेतलं ते ऑर्डरी बघणाऱ्या सुलभाताई फटांगरेंचं. त्यांच्या नावाने औषधांच्या गाड्या भलत्याच पत्त्यावर गेल्या आणि साहेबांनी ताईंनाच चोर ठरवलं. आज दुपारी त्यांना सगळ्यांसमोर उभं करणार होते. ताईंनी काही केलेलं नाही, हे साऱ्या कंपनीत संरक्षणाची नोंद वाचलेल्या एकट्या शार्दूलला माहीत होतं. पण ते सांगायचं तर आपलं संरक्षण नुसतंच बघत बसलं होतं, हेही सांगावं लागणार होतं.

सकाळी ताईंनी त्याला जिन्यात गाठलं होतं. "शार्दूल, तुमच्या त्या संरक्षणाला दिसलंच असेल ना हो, की मी नव्हते?"

"बघतो," म्हणून त्याने गाडी काढली आणि थेट मठ गाठला.

"इथं कशाला आलास?" बुवांनी विचारलं.

"मन ठिकाणावर नाही. तुम्हीच शिकवलंत ना, साक्षी व्हावं. जे घडतंय ते बघावं, गुंतू नये. ताईंचं जे होईल ते... शांतपणे बघता यावं, एवढंच हवंय."

चुलीवर दुधाचं पातेलं होतं, बुवा तिकडे बघत बसले. शार्दूलही बघू लागला.

साय थरथरली. कडेने फेस आला. फेस चढू लागला.

"बुवा, दूध..."

बुवा हलले नाहीत.

"उतू जातंय, बुवा!"

"दिसतंय."

दूध भसकन वर आलं आणि चुलीत सांडलं. निखारे चरचरले, करपल्याचा वास खोलीभर झाला. बुवांचं रात्रीचं जेवण तेवढंच असतं, हे शार्दूलला ठाऊक होतं.

"अहो, उतरवायचं नाही का?" तो जवळजवळ ओरडलाच.

"चुलीजवळ तू बसलायस," बुवा म्हणाले.

शार्दूलने पाहिलं. पातेलं हाताच्या अंतरावर होतं. सांडशी त्याच्या मांडीलाच लागून पडली होती.

ताईंनी केवढ्या खात्रीने विचारलं होतं, ते आठवून त्याला स्वतःची शिसारी आली. तो तोंड झाकून रडला. बुवांनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्याने फोन चालू केला. ऑफिसातून निरोप आला होता. ताईंना काढून टाकलं होतं. जाताना गेटवर सगळ्यांदेखत त्यांची पर्स उलटी करून बघितली होती. त्या कोणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"संपलं, बुवा. आता खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल. आणि गेटवर जे झालं, ते काही पुसलं जाणार नाही. ताई माझं तोंडही बघणार नाहीत."

"नाही बघणार."

"मग आता जाऊन काय उपयोग?"

बुवांनी करपलेलं पातेलं चुलीवरून खाली ठेवलं.

"काही उपयोग नाही," ते म्हणाले. "तरी नीघ."